फॅनच्या तीन वायरींत कॉमन कुठली?

आयटीआयच्या पोरांनो, रिवाइंड केलेल्या (आतली तार नव्याने गुंडाळलेल्या) सीलिंग फॅनच्या वायरींच्या रंगावर अजिबात जाऊ नका, वाइंडर हाताला येईल ती वायर जोडतो. फॅनच्या आत तारेची दोन वेटोळी असतात, रनिंग आणि स्टार्टिंग; दोघींचं एकेक टोक जिथे एकत्र जोडलेलं, ती वायर कॉमन.

१. कपॅसिटर सोडवा, मल्टीमीटर ओहमवर (रोध मोजायच्या खुणेवर) ठेवून दोन-दोन वायरी मोजा. समजा १५०, २०० आणि ३५० आले.
२. सगळ्यात मोठं रीडिंग ज्या दोघींत, त्या रनिंग-स्टार्टिंगची टोकं, कपॅसिटर त्यांच्यातच. उरलेली कॉमन, तिला न्यूट्रल.
३. कॉमनपासून कमी ओहम दाखवते ती बहुतेक रनिंग, फेज तिला द्या. फॅन उलटा फिरला तर फेज कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला घ्या, बस.

मोजताना मेन स्विच बंदच हवा, नुसत्या बटणावर विसंबू नका, बऱ्याच घरांत बटण न्यूट्रलवर असतं.