१९३२ च्या ड्यूसमधलं गेलेलं ३५० इंजिन बदलताना

गाडी फोर्डची आणि इंजिन शेव्हरलेचं, हा संसार अमेरिकेत पन्नासच्या दशकापासून सुरळीत चालू आहे. १९३२ च्या फोर्डला, म्हणजे हॉट रॉडवाल्यांच्या (जुन्या गाड्यांत ताकदवान इंजिन बसवणाऱ्यांच्या) 'ड्यूस'ला, मुळात २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं फ्लॅटहेड व्ही-८ होतं. १९५५ मध्ये शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान आकाराचं व्ही-८, आलं. आटोपशीर, स्वस्त आणि भंगारात हमखास मिळणारं, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांनी तेच उचललं. आज रस्त्यावरच्या ड्यूसमध्ये ३५० घन इंचांचं इंजिन आणि त्यामागे टीएच-३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही जोडी नेहमीची.

अशा गाडीचं इंजिन गेलं की '३५० काढा, ३५० बसवा' असं वाटतं. १९७० चं आणि १९९० चं ३५० शेजारी ठेवलं तर पटकन ओळखूही येत नाहीत. फरक असतात मागच्या तोंडाशी, बाजूच्या भोकांत आणि बोल्टच्या कोनांत, आणि इंजिन क्रेनला लटकलेलं असताना ते कळले तर आठवडा वाया जातो.

आधी खात्री: इंजिन खरंच गेलंय का?

खालून ठोक्याचा आवाज आला की सगळे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं म्हणतात. पण तडकलेली फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे बसणारी पातळ दातेरी चकती) किंवा टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्याचे) ढिले बोल्ट हुबेहूब तसाच आवाज काढतात. बेलहाउसिंगखालचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाखालचा) पत्रा काढून क्रँक हाताने फिरवत, टॉर्चच्या उजेडात फ्लेक्सप्लेटच्या मधल्या बोल्टांभोवती बारीक चीर दिसते का ते पाहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

मग आठही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७० टक्क्यांखाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, हवा भरून कान लावा. फुसफुस कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं गॅस्केट. यातल्या चारपैकी तीन दुखण्यांना इंजिन बदलावं लागतंच असं नाही.

ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून बघा. तांबूस-चंदेरी चकाकी दिसली तर बेअरिंगं गेली आणि इंजिन उतरवायचं. मात्र अशा इंजिनाचा ऑइल कूलर आणि त्याचे पाइप नव्या इंजिनाला लावू नका. कूलरच्या आत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. तसंच जुनं इंजिन तापून गेलं असेल तर आधी रेडिएटर आणि पंखा तपासा. तो दोष तसाच ठेवला तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाईल.

इंजिन विकत घेताना

ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर मागच्या बाजूला, ड्रायव्हरकडच्या पाळीवर असतो. ३९७००१० हा १९६९ ते १९७९ मधला नेहमीचा ३५० चा ब्लॉक. १४०९३६३८ हा १९८७ नंतरचा. ३०५ घन इंचांचं इंजिन बाहेरून तंतोतंत असंच दिसतं आणि ३५० म्हणून गळ्यात मारलं जातं. हेड काढलेलं असेल तर सिलिंडरचा व्यास मोजा: ३५० चा ४ इंच, ३०५ चा ३.७३६ इंच.

आता मागचं तोंड. १९८५ पर्यंत क्रँकचं मागचं सील दोन तुकड्यांचं होतं, १९८६ पासून एका तुकड्याचं. त्याबरोबर क्रँकवरच्या बोल्टांचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं, त्यामुळे जुनी फ्लेक्सप्लेट नव्यावर चढतच नाही. नवी आणताना वजन जोडलेली आणा, कारण एका तुकड्याच्या सीलचं ३५० मागच्या बाजूला बाहेरून बॅलन्स केलेलं असतं, म्हणजे क्रँकचा तोल साधणारं वजन फ्लेक्सप्लेटवर असतं. ऑइल चेंबरही बदलतं, कारण मागच्या सीलची गोलाई वेगळी.

हा फरक निदान लगेच समजतो. खरा धोका जुन्या मालकाने ४०० घन इंचांचं स्मॉल ब्लॉक बसवलेलं असेल तर. ४०० पुढे-मागे दोन्हीकडे बाहेरून बॅलन्स केलेलं असतं. त्याची फ्लेक्सप्लेट आणि पुढचा डँपर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं कंप शोषणारं चाक) दोन तुकड्यांच्या सीलवाल्या ३५० वर बिनबोभाट बसतात, सगळे बोल्ट जुळतात, आणि इंजिन सुरू झालं की गाडीभर थरथर. त्यामुळे जुने भाग वापरण्याआधी फ्लेक्सप्लेटवर जोडलेलं वजन आणि डँपरच्या मागे कापलेली खाच आहे का ते पाहायचं.

बाकीच्या गोष्टी भराभर. ऑइलची डिपस्टिक १९७९ पर्यंत ड्रायव्हरच्या बाजूला, १९८० पासून दुसऱ्या बाजूला; चेंबर त्याला जुळणारंच हवं. १९८७ ते १९९५ च्या हेडांना इनटेक मॅनिफोल्डचे मधले बोल्ट वेगळ्या कोनात आहेत, आणि १९९६ च्या व्होर्टेक हेडांना बाराऐवजी आठच बोल्ट, म्हणजे जुनं मॅनिफोल्ड बाद. बऱ्याच नव्या ब्लॉकांवर यांत्रिक पेट्रोल पंपाची जागा तासलेलीच नसते. मग ५ ते ६ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप लावावा लागतो. रोलर कॅम (ज्याच्या टॅपेटांना चाकं असतात) स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचं गिअरही त्याला चालणारं कठीण केलेलं हवं, नाहीतर साधं बिडाचं गिअर झिजून चुरा चेंबरमध्ये उतरतो.

वॉटर पंपाकडे ड्यूसवाल्याने विशेष लक्ष द्यावं, कारण रेडिएटर आणि इंजिनामधली जागा मुळातच तोकडी. १९६८ पर्यंतचा पंप आखूड, त्यानंतरचा बहुतेक लांब, आणि दोघांच्या पुल्या एकमेकांना चालत नाहीत. नव्या इंजिनावर लांब पंप आला असेल तर जुना आखूड पंप पुल्यांसकट काढून त्यावर लावा. सर्पेंटाइन पट्ट्याच्या (एकाच लांब, सपाट पट्ट्यावर सगळं फिरवणाऱ्या) इंजिनावरचा पंप बहुधा उलटा फिरतो. तो साध्या व्ही-पट्ट्यावर लावला तर पाणी नीट फिरत नाही आणि काटा चढत जातो.

उतरवणं

बिडाचं स्मॉल ब्लॉक सगळ्या जोडण्यांसह सुमारे ५७५ पाउंड, म्हणजे २६० किलो. दोन टनी क्रेन पुरते, पण तिचा हात पूर्ण लांब केला की क्षमता साधारण पाव होते हे विसरू नका. गिअरबॉक्स जागीच ठेवून फक्त इंजिन काढणं ड्यूसमध्ये सोयीचं.

बॅटरी सोडा, पाणी काढा (ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खाली प्लग आहेत, गाळाने बुजले असतील तर तारेने टोचा), बॉनेट, जाळीचं कवच आणि रेडिएटर उतरवा. पुढचा भाग मोकळा झाला की इंजिन वर फार न उचलता पुढे ओढता येतं. डिस्ट्रिब्युटर स्मॉल ब्लॉकच्या मागे, फायरवॉलला चिकटून असतो. तो आणि त्याच्या शेजारचा ऑइल प्रेशरचा उंच सेन्सर आधीच काढून ठेवा. इंजिन जरा तिरकं झालं की पहिले हेच दोन मोडतात. मग सेल्फ आणि हेडर (एक्झॉस्टच्या पाइपांचा जुडगा). ड्रायव्हरच्या बाजूला चॅसीवर व्हेगाचा (शेव्हरलेच्या छोट्या गाडीचा) स्टिअरिंग बॉक्स असेल तर तिकडचा हेडर इंजिनाबरोबर निघत नाही, तो सुटा काढावा लागतो.

कन्व्हर्टरचे तीन बोल्ट खालून, क्रँक फिरवत एकेक काढा आणि कन्व्हर्टर मागे, गिअरबॉक्सकडे ढकला. गिअरबॉक्सखाली जॅक लावा. साखळी एका हेडच्या पुढच्या भोकात आणि दुसऱ्याच्या मागच्या भोकात, ३/८ इंची ग्रेड ८ बोल्टने. आटे आत किमान अर्धा-पाऊण इंच गेले पाहिजेत. कार्ब्युरेटरच्या जागी अॅल्युमिनियम मॅनिफोल्डला धरून उचलणारे असतात, पण त्या चार बारीक आट्यांवर सगळं वजन टाकणं मनाला पटत नाही.

इंजिन निघाल्यावर बेलहाउसिंगवर आडवी पट्टी बांधून कन्व्हर्टर अडवून ठेवा, नाहीतर तो हळूहळू पुढे सरकतो.

बसवणं: सगळा खेळ कन्व्हर्टरचा

ब्लॉकच्या मागच्या दोन डॉवेल पिना जागेवर आहेत का, हे सर्वांत आधी. त्या नसतील तर गिअरबॉक्स केसभर सरकलेला बसतो आणि पुढचं सील गळत राहतं. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट ६० फूट-पाउंडला आवळा.

आता कन्व्हर्टर. तो हलकेच आत ढकलत फिरवा. एक खट्, अजून थोडा आत, दुसरा खट्, आणि शेवटी तिसरा, जेव्हा त्याच्या नळीच्या खाचा गिअरबॉक्समधल्या ऑइल पंपाच्या गिअरमध्ये बसतात. दोन खट् झाले की पूर्ण गेल्यासारखा वाटतो, पण गेलेला नसतो. तसाच ठेवून बेलहाउसिंगचे बोल्ट आवळले तर पंप तुटतो आणि नवं इंजिन बसवता बसवता गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

म्हणून इंजिन आणि बेलहाउसिंग बोटांच्या जोराने एकमेकांना पूर्ण टेकली पाहिजेत. फट उरली तर बोल्टने ओढू नका, थांबा. टेकल्यावर बेलहाउसिंगचे बोल्ट ३० ते ३५ फूट-पाउंडला आवळा आणि कन्व्हर्टर हाताने फिरतो का बघा. तो आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात १/८ ते ३/१६ इंच अंतर हवं. कमी असेल तर परत उघडा. जास्त असेल तर तिन्ही बोल्टांवर सारख्या जाडीचे वायसर घाला. मग कन्व्हर्टर पुढे ओढून ३५ फूट-पाउंड.

सेल्फला खास मधे दातेरी पट्टा असलेले बोल्टच लावा. साध्या बोल्टने तो तिरका बसतो. १५३ दात्यांच्या फ्लेक्सप्लेटला समोरासमोर भोकांचा सेल्फ, १६८ दात्यांच्या प्लेटला तिरप्या भोकांचा. दात्यांमधली फट पेपरक्लिपच्या तारेएवढी, साधारण ०.०३५ इंच. सेल्फ मारताना बारीक किंचाळला तर फट जास्त. इंजिन पेटल्यावर चावी सोडताना किंचाळला तर फट कमी, एक पातळ पत्री घाला.

अर्थिंगची जाड वायर इंजिनापासून चॅसीपर्यंत घाला. फायबरग्लासच्या बॉडीतून वीज परत जात नाही, त्यामुळे दिवे आणि काट्यांचीही वेगळी अर्थ वायर लागते. इंजिनाची जाड वायर विसरली की सेल्फचा प्रवाह थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल वितळू शकते.

पहिल्यांदा सुरू करणं

फिल्टरसकट ५ क्वार्ट ऑइल, म्हणजे पावणेपाच लिटरला जरा कमी. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून पंप फिरवायचं हत्यार घालून ड्रिल मशीनने उजवीकडे फिरवा. हत्यार कॉलरवालं हवं; नुसत्या दांड्याने ऑइल त्या भोकापाशीच गळतं आणि रॉकरपर्यंत पोचत नाही. क्रँक पाव-पाव फेरा फिरवत, सगळ्या रॉकरांतून ऑइल येईपर्यंत चालू ठेवा.

पहिला दट्ट्या (पिस्टन) कॉम्प्रेशनवर वर आणा. डँपर आणि टायमिंगची पट्टी वेगवेगळ्या वर्षांची असेल तर खूण खोटी असू शकते. प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप घालून, क्रँक दोन्हीकडून टेकवून दोन खुणा करा, पिस्टनचं खरं वरचं टोक त्यांच्या बरोबर मध्ये. डिस्ट्रिब्युटर शेवटच्या अर्ध्या इंचावर अडला तर आत ऑइल पंपाचा दांडा जुळलेला नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरने तो जरा फिरवा, क्लँपने दाबू नका. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, डिस्ट्रिब्युटर फिरतो उजवीकडे. ५ आणि ७ हे सिलिंडर शेजारी आणि पेटतातही पाठोपाठ, त्यामुळे त्यांच्या वायरी एकमेकींपासून लांब ठेवा. कार्ब्युरेटरमधून भडका आला तर डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसलाय.

फ्लोटची वाटी व्हेंटमधून आधीच पेट्रोलने भरा, म्हणजे उगाच सेल्फ मारत बसावं लागत नाही. सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल तर झिंक असलेलं ब्रेक-इन ऑइल वापरा आणि पेटल्या पेटल्या इंजिन मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर न्या, तिथे वीस मिनिटं वर-खाली करत ठेवा. आयडलवर सोडलं तर कॅमचे उंचवटे तिथेच घासून जातात. रोलर कॅमला हे लागत नाही. ऑइल प्रेशर दर हजार फेऱ्यांना किमान १० पीएसआय हवं. काटा हलला नाही तर लगेच बंद.

मग ठिणगीचं टायमिंग: आयडलला ८ ते १० अंश, ३००० फेऱ्यांवर एकूण ३४ ते ३६, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून आणि बुजवून. व्होर्टेक हेडांना एकूण ३२ च्या आसपास पुरे.

ब्रेक-इन झाल्यावर ऑइल आणि फिल्टर काढा आणि तो फिल्टरही कापून पाहा. लोखंडाची बारीक, चुंबकाला चिकटणारी भुकटी थोडी येतेच. तांबूस चकाकी किंवा बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, चेंबर उतरवून बेअरिंगं बघा.