उसनं मीठ आणि तिसऱ्या दिवशीचा नळ

जून २०२२ मध्ये मी वर्ध्याला रेल्वेतून उतरले, तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याचा फिल्टर, इंडक्शनची शेगडी, मच्छरदाणी आणि मॅगीची वीसेक पाकिटं होती. गावावर आपला भार पडायला नको, हा विचार. तिथून देवळीमार्गे यवतमाळकडे जाणारी एसटी धरून कळंब, आणि पुढे काळी-पिवळी. एका संस्थेतर्फे मी तिथल्या एका गावात राहायला निघाले होते. काम एका ओळीत सांगता येतं: शाळा सुटल्यावर तिसरी ते सहावीच्या मुलांना नीट वाचायला शिकवायचं. रोज दोन तास. उरलेल्या बावीस तासांचं काय करायचं, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आता अशाच कामाला नव्याने निघालेली मुलं-मुली मला फोन करून विचारतात, ते नेमकं त्या बावीस तासांबद्दलच.

त्या जुलैत विदर्भात पावसाने कहर केला. आमच्या नाल्याला पूर आला, दोन दिवस लाइट नाही. इंडक्शन म्हणजे नुसती काच. मी खोलीत बसून कोरडी मॅगी चघळत होते, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंच्या चुलीत तुराट्या कडकड पेटत होत्या. जाऊन बसावं एवढं साधं मला सुचलं नाही. तोवरच्या महिनाभरात मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि त्याचा मला अभिमानही होता. गाव माझ्याशी फार अदबीने वागायचं. "या मॅडम, बसा मॅडम." खुर्ची पुसून द्यायचे. याला मी आदर समजत होते. खरं तर ते पाहुण्याला लांब बसवणं होतं.

मग एके दिवशी मीठ संपलं. दिवेलागणीची वेळ. वाटी घेऊन काकूंच्या छपरीत गेले, तर त्या हसायलाच लागल्या. "दिवे लागल्यावर मीठ नाई देत वं मॅडम. असं कर, भाजीच घेऊन जाय." वाटीभर वांग्याची भाजी आणि वर दोन भाकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची नात मीठही घेऊन आली. मी हात पुढे केला, तर ते तिने हातावर दिलं नाही, खाली ठेवलं. मीठ हातावर दिलं की भांडण होतं. संध्याकाळी विरजण मागायचं नाही, सुई मागायची नाही, हे हळूहळू कळत गेलं. तुमचा यावर विश्वास असो-नसो, वेळ सांभाळा. आणि आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नका. माझ्याकडे द्यायला काय असणार? एकदा मॅगीच दिली. ती नातीला इतकी आवडली की सॅकमधल्या उरलेल्या पाकिटांचं सार्थक झालं.

भाषेचं म्हणाल, तर मी पुण्याची, म्हणजे गावाच्या हिशोबाने जवळपास परदेशातलीच. काकूंनी "सांबार आहे का?" म्हणून विचारलं, तेव्हा मी "इडली कुठे केलीय?" असं उत्तर दिलं होतं. त्यांना कोथिंबीर हवी होती. इथे गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो नव्हे, भाजी-दूध ठेवायचं पातेलं. पिठलं म्हणायची गरज नाही, बेसन म्हणा. "काय करून राहिली?" म्हणजे काय करते आहेस; याला नीट उत्तर द्यावं, ती उलटतपासणी नसते. मात्र महिन्याभरात वऱ्हाडी बोलून दाखवायचा उत्साह आवरा. ते नकलेसारखं वाटतं. माझं ऐकून पोरं लोळायची.

पाणी. आमच्याकडे नळ दर तिसऱ्या दिवशी, आणि तोही पहाटे की सकाळी, याचा नेम नाही. त्यामुळे गावात ज्याचं नळाच्या दिवशी कुणी घरी नाही, त्याचे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, शेजारी भरून ठेवतात. हे कुणी ठरवलेलं नाही. मी यवतमाळला मीटिंगला गेले की परत येईपर्यंत माझ्या बादल्या भरलेल्या असायच्या, वर ताटली झाकलेली. त्याची फेड म्हणून आपण वेगळं काही करायचं नसतं. त्यांच्या घरी लग्नाला सगळे गेले की आपण उठून पाइप लावायचा, बस. मी दोनदा झोपून राहिले. कुणी बोललं नाही, पण त्या आठवड्यात काकूंनी डोक्यावरून पाणी आणलं हापशीवरून, आणि मी ते खिडकीतून पाहिलं.

उन्हाळ्यात पाण्यावरून आणखी एक गोष्ट. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर रात्रीसुद्धा भिंती भाजत असतात. पुण्याहून आलेल्याचा हात आधी कुलरकडे जातो. पण कुलर पाणी पितो, बादल्यांवर बादल्या. ज्या गल्लीत नळ तिसऱ्या दिवशी येतो, तिथे तुमचा कुलर दिवसभर घरघरतोय हे सगळ्यांना ऐकू येतं. मी दुपारी लावायचे आणि रात्री अंगणात बाज टाकून झोपायचे, मच्छरदाणीसकट. सॅकमधली तीच एक वस्तू शेवटपर्यंत कामी आली. जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ मात्र बाज टाकू नका, त्यात विंचू असतात. काही चावलंच तर झाडपाल्यात वेळ न घालवता १०८ला फोन आणि सरकारी दवाखाना.

संस्थेने मध्येच स्वच्छता मोहीम घ्यायला सांगितली होती, फोटोसह. मी सात वाजता खराटा घेऊन बाहेर पडले. गल्लीतल्या बायांचे सडे साडेपाचलाच पडले होते. रस्ता झाडायला काही उरलंच नव्हतं, माझं दार तेवढं बाकी होतं. गाडगेबाबा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात बोलायचं, हा त्यांचा क्रम होता. मला तर झाडायलाही उशीर झाला होता. फोटो काढलाच नाही.

कामाला हात लावायचा तर त्यांच्या कामाला लावा. एप्रिलमध्ये कुरडयांचा चीक हाटायला दंडात बळ लागतं, तिथे तरुण माणूस हवाच असतो. पहाटे पाचला गच्चीवर चार घरच्या बाया, मोठा गंज, आणि गरम चिकावर साखर-तूप घालून पहिली वाटी हाटणाऱ्याला. नोव्हेंबरात एका रविवारी कापूस वेचायला गेले. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला घुसतात, हे कुणी सांगून कळत नाही. दिवसभरात माझे सहा किलो भरले, काकूंचे चाळीसच्या वर. मजुरी किलोवर असते. माझा कापूस मी त्यांच्या ओटीत टाकला, तर त्या चिडल्या. "तुहे पैसे तू घे." घेतले. त्या दिवसानंतर "मॅडम" गेलं.

पैशांचं वेगळं. मीठ, पीठ, विरजण, चूल यांची उसनवारी करा, पण पैसे देऊ-घेऊ नका. पुरानंतर दुबार पेरणीची वेळ आली तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मी बियाण्यासाठी ३ हजार दिले. परत मिळतील का, ही चिंता मला नव्हती. पण त्याची आई माझ्या दारावरून जायची बंद झाली, लांबच्या गल्लीने वळसा घालून जायची. कापूस विकून त्यांनी पैसे दिले, तेव्हा कुठे ती पुन्हा थांबून बोलली. पाच महिने त्या बाईची वाट मी अडवून ठेवली होती.

आणि एक, जे सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही कुठल्या गल्लीत खोली घेता, कुणाच्या घरी जेवता, याची नोंद होते. बुद्धपौर्णिमेला बौद्ध वस्तीतल्या पोरांनी विहारात खीर खायला नेलं, मी पोटभर खाल्ली. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या एका आजींकडून वाटी येणं थांबलं. मी काही समजावायला गेले नाही. दोन्हीकडे जात राहिले, आणि आधी ठरवून खोली गावाच्या मधोमध घेतली असती तर बरं झालं असतं, असं मात्र वाटलं. आजींची वाटी शेवटपर्यंत आली नाही. काकूंची यायची ती येत राहिली, पण त्यांनाही मी कधी त्याबद्दल विचारलं नाही.

सामानाचं विचाराल तर कमी न्या. बॅटरी, मच्छरदाणी, ओआरएसची पाकिटं, दोन झाकणाचे डबे. मुली असाल तर मार्च २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट लागतं, तेव्हा बाजाराला कळंबला जाताना शेजारणीला सोबत न्या, पिशव्या दोघींत वाटल्या जातात.

मी जुलै २०२३ मध्ये निघाले. घाईत माझा एक गंज काकूंकडे राहिला. फोन केला की विचारते. मागच्या खेपेला म्हणाल्या, "हाये ना माह्याजवळ. पन रिकामा कसा देऊ? तुरी निंघू दे."