कॉट्सवोल्ड्समधील जुने दगडी घर दुरुस्त करताना या चुका टाळा

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागात स्थानिक पिवळसर चुनखडीच्या दगडाची घरे गावोगावी उभी आहेत आणि त्यांतील अनेक सतराव्या शतकातील आहेत. त्यांची जाड भिंत बहुधा आतून व बाहेरून दगडांचा एकेक थर आणि मध्ये बारीक दगडांची भर अशी रचलेली असते. सांधे चुन्यात भरलेले असतात आणि तळाशी ओल अडवणारा थर नसतो. आत शिरलेला ओलावा चुन्याच्या सांध्यांतून पुन्हा बाहेर पडून वाळावा, यावरच अशी भिंत टिकते. पुढील बहुतेक चुका ही वाट बंद केल्यामुळे घडतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सिमेंटने दरजा भरणे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 सालचे आहे, म्हणजे ही घरे बांधणाऱ्या गवंड्यांना ते ठाऊकच नव्हते. सिमेंटचा सांधा मऊ चुनखडीपेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असल्याने ओलावा दगडातून बाहेर पडू लागतो. मग क्षारांचे स्फटिक आणि हिवाळ्यातले गोठणारे पाणी दगडाचे ढलपे काढतात. अशा भिंतीवरून बोट फिरवले, तर झिजलेला दगड आत गेलेला आणि सिमेंटची धारदार कड पुढे आलेली स्पष्ट जाणवते.

मात्र हे सिमेंट घाईने यंत्राने कापू नये, कारण पाते घसरले की दगडाची कड कायमची जाते. सैल झालेले सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढावे आणि घट्ट बसलेले काढताना दगड फुटत असेल, तर ते सध्या तसेच राहू द्यावे. सांधा रुंदीच्या साधारण दुप्पट खोल मोकळा करावा, पाणी मारावे आणि जाडसर वाळूचा चुना दाबून भरावा. चुना दगडाच्या कडांवर पसरू देऊ नये. तो थोडा आवळला की ताठ ब्रशने ठोकून घ्यावा आणि ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश वाळू द्यावा. पारा 5 अंशांखाली जाणाऱ्या दिवसांत हे काम हाती घेऊच नये.

दुसरी चूक ओलीच्या निदानातली आहे. विजेवर चालणारे ओल मोजण्याचे उपकरण मुळात लाकडासाठी प्रमाणित केलेले असते. क्षारयुक्त भिंतीवर ते फसवा आकडा दाखवते आणि त्यावर विसंबून भिंतीत रसायने टोचली जातात. आधी घराभोवती फिरून पाहावे. बागेची माती वर्षानुवर्षे साचून आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली आहे का, पन्हळ फुटली आहे का, आतून जिप्समचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग दिला आहे का? माती उतरवताना पाया उथळ असू शकतो हे ध्यानात ठेवून हळूहळू खणावे.

छपराच्या दगडी पातळ फरशा वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे क्रमाने लहान होत जातात. त्या घसरू लागल्या की लोक सगळे छप्परच बदलायला निघतात. पुष्कळदा दगड शाबूत असतो आणि फक्त ओकच्या लाकडी खुंट्या किंवा खालच्या पट्ट्या कुजलेल्या असतात. तेव्हा त्याच फरशा जपून उतरवून, आकारानुसार लावून पुन्हा बसवता येतात. एकसारख्या आकाराच्या काँक्रीटच्या फरशांनी या छपराचे सारे रूप जाते.

आतला गिलावा खरवडून दगड उघडा पाडण्याची हौसही आवरावी. ओबडधोबड दगडाची आतली बाजू बहुधा चुन्याच्या गिलाव्याखाली किंवा सफेदीखाली राहण्यासाठीच बांधलेली असते. इंग्रज कवी व रचनाकार विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा रोख अशाच खरवडण्यावर होता. ते ज्या केल्म्स्कॉट मॅनरमध्ये 1871 पासून राहायला येत असत, तेही याच भागातले जुने दगडी घर आहे.

सूचीबद्ध, म्हणजे सरकारच्या संरक्षित यादीत नोंदलेल्या, वास्तूत संमतीशिवाय तिचे स्वरूप बदलणारे काम करणे हा 1990 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि हे संरक्षण घराच्या आतल्या भागालाही लागू असते. पूर्वीच्या मालकाने विनासंमती केलेला बदल सुधारण्याची नोटीस नव्या मालकावरही बजावता येते. म्हणून खरेदीपूर्वीच जुन्या संमतिपत्रांची नक्कल मागून घ्यावी आणि ती प्रत्यक्ष खिडक्या, चुली व जिन्यांशी ताडून पाहावी.