‘फ्रँकेन्स्टाइन’ अभ्यासाला लागली असेल तर व्हिक्टरचं तात्पर्य उचलू नका

एम.ए. इंग्रजीला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ लागली की पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना काही गोष्टी कळतात. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर या विद्यार्थ्याचं आहे. राक्षसाला नावच नाही. १८१६च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनने सगळ्यांना भुताची गोष्ट लिहायला सुचवलं, वगैरे. ते पुन्हा सांगत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणि नेट-सेटसाठी घरी एकट्याने कादंबरी वाचणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी धीर देते. इंग्रजी जुनं आहे, पण वाटतं तेवढं अवघड नाही. वाक्यं लांबलचक आहेत आणि व्हिक्टर दर दोन पानांनी स्वतःच्या दुःखाने व्याकूळ होतो, एवढंच. सुरुवातीला वॉल्टनची चार पत्रं आहेत, उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या माणसाने बहिणीला लिहिलेली. निम्मी मुलं तिथेच पुस्तक मिटून यूट्यूबवरचा सारांश लावतात. पत्रं सोडू नका. पुढे सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपतं. मोठ्याने वाचा आणि दर ओळीला शब्दकोश उघडू नका.

आवृत्तीचं मात्र पहिल्याच दिवशी बघा. १८१८ची तीन खंडांत निघाली, लेखिकेच्या नावाशिवाय. १८३१ची मेरीने स्वतः दुरुस्त केलेली आहे. पहिल्या आवृत्तीत व्हिक्टरची होणारी बायको एलिझाबेथ त्याची आतेबहीण आहे, १८३१च्या आवृत्तीत इटलीत सापडलेली अनाथ मुलगी. राक्षस जिवंत होतो ती ‘नोव्हेंबरची उदास रात्र’ १८३१मध्ये पाचव्या प्रकरणात येते, १८१८मध्ये पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात. तुमच्या हातात एक आवृत्ती आणि बाजारातल्या गाइडमध्ये दुसरी असेल तर संदर्भ हमखास चुकणार. शिवाय १८३१च्या व्हिक्टरच्या तोंडी नियतीची भाषा वाढली आहे: माझा नाश विधिलिखितच होता, नशीबच बलवत्तर. जबाबदारीवर लिहिणार असाल तर हा फरक सोन्यासारखा आहे. ही पळवाट त्याला नंतर मिळाली.

आता मुख्य खड्डा. माझी पहिली इंटर्नल असाइनमेंट ‘अतिमहत्त्वाकांक्षेचे दुष्परिणाम’ या वळणाची होती, आणि समासात लाल शाईत एकच प्रश्न आला: हे कोण म्हणतंय? तो प्रश्न कळायला मला अख्खी सेमिस्टर लागली, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावते.

माणसाने आपल्या कुवतीबाहेरची झेप घेऊ नये, ज्ञान किती घातक असतं ते माझ्यावरून शिक, हे सगळं व्हिक्टर म्हणतो. मेरी शेली म्हणत नाही. सांगतो ते वॉल्टनला, त्याच्या जहाजावर, वॉल्टन ते लिहून घेतो आणि बहिणीला पाठवतो. राक्षसाची कहाणी या दोघांच्याही आत, म्हणजे राक्षस व्हिक्टरला सांगतो, व्हिक्टर वॉल्टनला आणि वॉल्टन कागदाला. कथनाचा हा गोष्टीत गोष्ट प्रकार सगळे नोट्समध्ये लिहितात आणि पुढच्याच परिच्छेदात विसरतात. शेवटाकडे एक छोटं वाक्य आहे, त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. वॉल्टन टिपणं काढतोय हे कळल्यावर व्हिक्टर ती मागून घेतो आणि ठिकठिकाणी दुरुस्त करतो, भर घालतो. कारण काय, तर आपली कहाणी अर्धवट, मोडक्या रूपात पुढच्या पिढ्यांकडे जाऊ नये! प्रेतांचे तुकडे जोडून माणूस करणाऱ्याला आपली गोष्ट मात्र धड हवी. म्हणजे आपण वाचतो तो पंचनामा आरोपीने स्वतः तपासून सही केलेला आहे. त्यातलं तात्पर्य जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरवू नका.

मग जबाबदारी शोधायची कुठे? व्हिक्टर काय म्हणतो ते बाजूला ठेवा आणि काय करतो ते बघा. नोव्हेंबरच्या त्या रात्री कादंबरीत विजांचा कडकडाट नाही, तो सिनेमातला. इथे खिडकीवर पाऊस वाजतोय आणि मेणबत्ती विझत आलीय. अवयव त्याने सुंदर म्हणून निवडलेले. निस्तेज पिवळा डोळा उघडतो आणि हा पळतो. कुठे? आपल्या निजायच्या खोलीत, झोपायला. जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा धरून उभा आहे, काहीतरी पुटपुटतोय, हात पुढे करतोय. हा पुन्हा पळतो. दुसऱ्या दिवशी मित्र क्लेर्व्हालबरोबर परत येतो, खोली रिकामी दिसते, आणि हा आनंदाने टाळ्या वाजवतो. आठ फुटी, अजून बोलताही न येणारा जीव इंगॉलस्टाटमध्ये कुठेतरी मोकळा फिरतोय आणि ह्याला हायसं वाटतंय. शोध नाही, चौकशी नाही. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून होतो आणि आळ घरच्या मोलकरणीवर, जस्टिनवर येतो, त्या खटल्यातही तेच. भावाचा खून कुणी केला हे त्याला ठाऊक आहे, पण लोक वेडा समजतील म्हणून तो गप्प बसतो. वर आपल्या यातनांपुढे त्या मुलीच्या काहीच नाहीत असंही सांगतो. तिला फाशी होते.

यात महत्त्वाकांक्षा कुठे आहे? घडवण्याची जिद्द नोव्हेंबरच्या त्या रात्रीच संपली. मेलेली माणसं त्यानंतरच्या पळण्यामुळे आणि गप्प बसण्यामुळे मेली. माझ्या मते प्रश्नपत्रिकेत ‘महत्त्वाकांक्षा’ आणि ‘निर्मात्याची जबाबदारी’ एका दमात विचारतात तिथेच घोटाळा होतो. दोन्ही वेगळे आरोप आहेत, आणि पहिला व्हिक्टर स्वखुशीने कबूल करतो तो दुसऱ्यावर नजर जाऊ नये म्हणूनच, असं मला अजूनही वाटतं.

मार्गदर्शकांबद्दल थोडं, विषयाला धरूनच. व्हिक्टरचे वडील अग्रिप्पा या जुन्या जादूविद्येच्या लेखकाचं पुस्तक बघून ‘भंगार आहे’ म्हणतात आणि विषय संपवतात. का भंगार ते सांगत नाहीत. प्राध्यापक क्रेम्पे फाडकन सांगतात की तुझी सगळी वर्षं वाया गेली, आणि पुस्तकांची यादी हातात देतात. दुसरे प्राध्यापक वाल्डमन गोड बोलतात. वर्गात सगळ्यांना वाल्डमन आवडतात, मला क्रेम्पे आवडतात. तुमच्या कॉलेजात समासात प्रश्न लिहिणारं कुणी असेल तर त्यांना धरून राहा. ‘थीम्स पाठ करा, साठ पडतील’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत, साठ पडतातही. पण तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नालाच गाडी थांबते.

हे कळल्यावर दुसऱ्या टोकाला जायचा मोह होतो. सेमिनारमध्ये राक्षसाला निरागस बाळ करू नका. १८३१च्या आवृत्तीत अकरा ते सोळा ही प्रकरणं एका बैठकीत वाचा. झोपडीतल्या कुटुंबाकडून चोरून भाषा शिकणं, मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ वाचून स्वतःला कधी आदमच्या तर कधी सैतानाच्या जागी बघणं, त्याच कुटुंबातल्या आंधळ्या म्हाताऱ्या डी लेसीसमोर बसलेले ते थोडे क्षण, बुडणाऱ्या मुलीला वाचवल्यावर मिळालेली गोळी. वाचताना पोटात कालवतं. पण त्यानेच व्हिक्टरच्या त्या लहान भावाचा गळा दाबलाय आणि त्याच्या गळ्यातलं लॉकेट झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत मुद्दाम ठेवलंय. दुःखाने मला दुष्ट केलं, ही त्याची बाजू आहे. तोही बोलण्यात पटाईत आहे, आणि तसा इशारा व्हिक्टर वॉल्टनला देतोच. दोघांची वकिली न करता लिहिणं अवघड जातं. जाऊ दे, मार्क तिथेच आहेत.

वेळ कमी असेल तर राहिलेला वेळ वॉल्टनच्या शेवटच्या पत्रांना द्या, गाइडमध्ये त्यांच्यावर जेमतेम चार ओळी असतात. बर्फात अडकलेले खलाशी परत चला म्हणतात, तेव्हा मरायला टेकलेला व्हिक्टर त्यांनाच भित्रे ठरवून पुढे जायला चिथावतो. नंतर म्हणतो, आपल्या वागण्यात दोष दिसत नाही. महत्त्वाकांक्षा टाळ असं सांगतो आणि लगेच, दुसऱ्या कुणाला जमेलही, अशी पुस्ती जोडतो. वॉल्टन जहाज वळवतो ते खलाशांपुढे इलाज नाही म्हणून, आणि वळवतानाही कीर्ती हुकल्याबद्दल चडफडतो. अख्खी कहाणी ऐकलेला हा एकच माणूस. ‘कादंबरी महत्त्वाकांक्षेविरुद्ध आहे का’ असा प्रश्न आला तर उत्तर त्याच्यापासून सुरू करा.