बिनपगारी रजेचं पत्र आलं, आता पुढे? एअरलाइनमधल्या वैमानिकांसाठी

कंपनी अडचणीत आली की वैमानिकाला सहसा काढून टाकत नाहीत, घरी बसवतात. पत्रावर 'लीव्ह विदाउट पे' असतं आणि खाली एक ओळ: परिस्थिती सुधारताच कळवण्यात येईल. या ओळीच्या भरवशावर माणसं वर्षानुवर्षं थांबतात. पण ती ओळ म्हणजे वचन नाही. अमेरिकेत फर्लोचे, म्हणजे असं तात्पुरतं घरी बसवण्याचे नियम युनियनच्या करारात असतात. शेवटी लागलेला आधी घरी जातो आणि घरी बसलेल्यांपैकी सगळ्यात जुन्याला आधी बोलावणं येतं. स्वतःच्या पुढे किती जण आहेत हे त्याला यादीत दिसतं. भारतात असा नंबर बहुतेकांच्या हातात नसतो. म्हणून पत्र मिळालं की आधी एवढं तपासा: रजेला शेवटची तारीख आहे का, सेवा अखंड धरणार का, या काळात दुसरीकडे काम करता येतं का, ट्रेनिंग बाँडची (ट्रेनिंगच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत चालू राहते की थांबते, ग्रुप विमा कधीपर्यंत आहे. यातलं जे पत्रात नसेल ते ईमेलने विचारा. फोनवरचं उत्तर नंतर कुणालाच आठवत नाही.

परत बोलावतील की नाही, याचा अंदाज बातम्यांवरून लावू नका. विमानं मोजा. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण 17 एप्रिल 2019 ला झालं. 2021 मध्ये एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, मे 2022 मध्ये एअर ऑपरेटर सर्टिफिकेटही, म्हणजे विमानसेवा चालवायचा परवानाही परत मिळालं आणि प्रत्येक टप्प्यावर 'आता बोलावणार' अशी हवा झाली. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून कायमची बंद करायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं! गो फर्स्टची उड्डाणं 3 मे 2023 ला थांबली. तिथेही बोलीदार येत-जात राहिले आणि जानेवारी 2025 मध्ये अवसायनाचा आदेश झाला.

दोन्हीकडे खरी खूण आधीच दिसत होती. भाड्याच्या विमानांचे मालक डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाकडे) नोंदणी रद्द करायचा अर्ज करतात. त्यासाठीचं अधिकारपत्र म्हणजे आयडेरा. नियमाप्रमाणे अर्जानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी रद्द व्हायला हवी. गो फर्स्टच्या वेळी दिवाळखोरीच्या स्थगितीमुळे हे अडलं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने विमानांना त्या स्थगितीतून वगळलं आणि एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 54 विमानांची नोंदणी रद्द झाली. विमानं गेली की परत बोलावणार कशावर? चेअरमनच्या मुलाखतीत काहीही असो, ताफा निम्म्याखाली आला आणि ट्रेनिंग कॅप्टन, एक्झामिनर (वैमानिकांना शिकवणारे आणि त्यांची चाचणी घेणारे) दुसरीकडे जायला लागले की तुम्हीही अर्ज सुरू करा.

याउलट कोविडकडे बघा. देशांतर्गत उड्डाणं 25 मार्च 2020 ला बंद झाली आणि 25 मे ला मर्यादित स्वरूपात सुरू झाली. पगार कापले गेले, रजा लादल्या गेल्या, पण मोठ्या कंपन्यांचा ताफा बराचसा जागेवर होता, त्यामुळे पुष्कळ जण हळूहळू कॉकपिटमध्ये परतले. म्हणजे प्रत्येक बिनपगारी रजा हा शेवट नसतो. घाबरून पहिल्या आठवड्यात राजीनामा टाकू नका.

आता ज्यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात ते सांगतो, आणि जरा सविस्तरच सांगतो, कारण यात नोकरी नाही, करिअर जातं. 2023 पासून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आणि एटीपीएल (त्याच्या वरचा, एअरलाइन कॅप्टनला लागणारा) यांची मुदत पाचऐवजी दहा वर्षं झाली. त्यामुळे 'माझा परवाना चालू आहे' असं वाटत राहतं. परवाना चालू असतोच, पण तुम्ही उडायला लायक आहात की नाही हे त्याच्यावर ठरत नाही. प्रत्येक गोष्टीची मुदत वेगळी चालते. क्लास वन मेडिकल साधारण 12 महिने, वयाच्या 60 नंतर 6. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (आयआर, म्हणजे फक्त उपकरणांवर विमान उडवण्याची) चाचणी 12 महिने. पीपीसी, म्हणजे सिम्युलेटरवरची प्रावीण्य चाचणी, 6 महिने. 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग, यालाच रिसेन्सी म्हणतात. इंग्रजीची लेव्हल फोर असेल तर 3 वर्षं. डेंजरस गुड्सचा (धोकादायक मालाचा) कोर्स 24 महिने. नोकरीत असताना या तारखा क्रू शेड्युलिंग सांभाळतं, आपल्याला नुसता रोस्टरवर (ड्युटीच्या तक्त्यावर) सिम, म्हणजे सिम्युलेटर दिसतो. घरी बसल्यावर त्या सांभाळायला कुणीच नसतं.

मग होतं असं. तीन महिन्यांत रिसेन्सी जाते, त्याचं फारसं काही वाटत नाही. सहाव्या महिन्यापर्यंत पीपीसी जाते. तेव्हाच कुठेतरी भरती निघते आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं: टाइपवर (त्या प्रकारच्या विमानावर) करंट, पीपीसी-आयआर वैध. तुमच्याकडे 3,000 तास असले तरी पहिल्या चाळणीतच तुम्ही बाहेर. वर्षभराने आयआरही जातं. खंड जितका लांबतो तितकी परत येण्यासाठीची सिम सत्रं वाढतात आणि शेवटी नवी कंपनी हिशेब करते की याच्यापेक्षा नवा मुलगा घेतलेला परवडेल. कंपनी कधी उठेल याची वाट बघण्यात हा वेळ जातो. वाट बघायची तर बघा, पण तारखा सांभाळून.

पहिल्याच आठवड्यात या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून काढा. ट्रेनिंग विभाग अजून चालू असेल आणि पीपीसी दोन-तीन महिन्यांत संपणार असेल, तर स्लॉट लेखी मागा. कंपनी बंद पडली असेल तर मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्थेकडे जावं लागतं. गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, बंगळूरू, हैदराबाद इथे ए-320 आणि 737 चे सिम्युलेटर आहेत. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: तो सिम्युलेटर तुमच्या टाइपसाठी डीजीसीएने मान्य केलेला आहे, एक्झामिनरची मान्यता त्या तारखेला चालू आहे, आणि ऑपरेटरशिवाय दिलेली ही चाचणी ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) नोंदवली जाईल. तिसरं उत्तर मोघम आलं तर तिथे पैसे अडकवू नका. सत्र साधारण चार तासांचं असतं. एक कॅप्टन आणि एक फर्स्ट ऑफिसर मिळून घेतलं तर खर्च वाटला जातो आणि सरावही नीट होतो.

पैसा कमी असेल तर मेडिकल कधीही चुकवू नका. ते तुलनेने स्वस्त आहे, आणि वजन किंवा रक्तदाबामुळे 'टेम्पररी अनफिट' झालात तर बाकी सगळं असून उपयोग नाही. स्वतःच्या पैशांची पीपीसी मात्र भरतीची चाहूल लागल्यावर करा, नाहीतर तिचे सहा महिने घरातच संपतात. रोज अर्धा तास कॉकपिटच्या पोस्टरसमोर बसून फ्लो (स्विचेसचा क्रम), कॉलआउट (ठरलेल्या घोषणा) आणि मेमरी आयटम (आणीबाणीत पाठ लागणाऱ्या कृती) म्हणा. सिलेक्शनच्या सिममध्ये रॉ डेटा (ऑटोमेशनच्या मदतीशिवाय हाताने उडवणं), व्ही-वननंतर (टेकऑफ थांबवता येत नाही त्या वेगानंतर) इंजिन फेल्युअर, एका इंजिनावर अप्रोच आणि गो-अराउंड, हेच बघतात. हात आधी गंजतो तो रॉ डेटामध्ये.

ऑफिसला कुलूप लागण्याआधी कागद गोळा करा: लॉगबुकवर कंपनीची सही, पीपीसी, आयआर आणि रूट चेकचे रिपोर्ट, पूर्ण ट्रेनिंग फाइल, अनुभवाचं प्रमाणपत्र. फर्स्ट ऑफिसरने पी-वन अंडर सुपरविजनचे (कॅप्टनच्या देखरेखीखाली कमांडर म्हणून उडवलेले) तास प्रमाणित करून घेतलेच पाहिजेत. एटीपीएलच्या वेळी ते लागतात, आणि बंद कंपनीत सही करायला कुणी उरत नाही. विमानतळाचा पास परत करताना पोच घ्या. तास कमी पडतात म्हणून 'पार्कर पेन'ने, म्हणजे न उडता लॉगबुकात खोटे लिहून भरायचा सल्ला देणारा सीनियर भेटला तर त्याच्याशी संबंध तोडा. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने घेतलेल्यांना अटक झाली होती. आता तर तास ईजीसीएवर तपासले जातात. नोकरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणारा एजंटही त्याच माळेतला.

राजीनाम्याचं मात्र जपून. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे कमांडरला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस द्यावी लागते. पगार थकला म्हणजे नोटीस आपोआप माफ, असं स्वतःच ठरवू नका. नोटीस न देता गेलेल्या वैमानिकांना 2023 मध्ये अकासा एअरने मुंबई उच्च न्यायालयात खेचलं होतं. रजेच्या काळात नोटीस कमी करून द्यायला कंपन्या बऱ्याचदा तयार होतात, कारण त्यांचाही बोजा कमी होतो. मागा, लेखी घ्या, एनओसी हातात आल्यावरच पुढची सही करा.

तुमचं टाइप कुठलं यावरही बरंच ठरतं. 2019 मध्ये स्पाइसजेटने जेटची 737 विमानं घेतली आणि त्यांच्याबरोबर वैमानिकही घेतले. गो फर्स्टच्या मंडळींकडे ए-320 होतं आणि देशात त्याला मागणी होती. रुंद (वाइड-बॉडी) विमानांवरच्यांना आखाती देशांकडे बघावं लागतं. तिथे डीजीसीएकडून परवान्याची पडताळणी लागते, तिचा अर्ज मुलाखतीची वाट न बघता करून ठेवा. नव्या टाइपसाठी स्वतःच्या खिशातून पंधरा-वीस लाख घालण्याआधी मात्र ऑफर लेटर बघा. टाइप रेटिंग घेऊन रिकामे बसलेले आधीच पुष्कळ आहेत.

कर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. पीएफ पासबुक आणि फॉर्म 26-एएस (कापलेल्या प्राप्तिकराची नोंद) उघडून बघा, पगारातून कापलेलं खरंच भरलंय का. कंपनी दिवाळखोरीत गेली तर थकलेला पगार, फ्लाइंग अलाउन्स, शिल्लक रजा, ग्रॅच्युइटी यांचा दावा फॉर्म डीमध्ये रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या व्यक्तीकडे) जाहीर नोटिशीतल्या तारखेच्या आत करायचा असतो. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि रोस्टर जोडा. रोस्टर कंपनीच्या ॲपवर असतो आणि लॉगिन बंद झालं की तो मिळत नाही, तेव्हा शेवटच्या वर्षभराचे आजच डाउनलोड करून ठेवा.