आधी खून, मग लग्न: ब्रिटिश कादंबऱ्या कोणत्या क्रमानं वाचाव्यात

वाचनालयातलं डिकन्सचं एखादं जुनं पुस्तक उघडून पाहा. बऱ्याचदा पहिली तीस-चाळीस पानं हाताळून मऊ पडलेली असतात आणि पुढची कोरी करकरीत. वाचक कमी पडला असं नाही, त्यानं पुस्तक चुकीच्या टोकाकडून धरलं. ‘आधी अभिजात, मग रहस्यकथा’ हा क्रम कॉलेजच्या अभ्यासक्रमाला शोभतो, घरी वाचायचं तर तो उलटा करा. मराठी माध्यमातून शिकलेल्याला इंग्रजी शब्द अडवत नाहीत, शब्द मोबाइलवर सापडतो. अडवतं ते वाक्य. एकोणिसाव्या शतकातलं वाक्य चार-चार ओळी चालतं, आणि आपल्या कानाला क्रियापद शेवटी यायची सवय. रहस्यकथेतली वाक्यं आखूड असतात, शिवाय खुनी कोण याची ओढ पान उलटायला लावते.

सुरुवात आर्थर कॉनन डॉयलच्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’पासून (१८९२) करा. या कादंबऱ्या नाहीत, बारा कथा आहेत. म्हणूनच आधी घ्यायच्या. त्यातली ‘द रेड-हेडेड लीग’ पहिली वाचा. लाल केसांच्या एका सावकाराला रोज दहा ते दोन बसून विश्वकोश उतरवून काढायचे आठवड्याला चार पौंड मिळतात. असं फुकटचं काम कोण देतं? एवढ्यावरच कथा चालते. एका बैठकीत संपते, म्हणजे पहिल्याच दिवशी एक इंग्रजी गोष्ट पूर्ण केल्याचा धीर येतो. नंतर ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२), पंधरा प्रकरणं, रोज एक. होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) मात्र आधी घेऊ नका. अर्ध्यावर ती एकदम अमेरिकेच्या वाळवंटात जाते, होम्स कित्येक पानं दिसत नाही, आणि नव्या वाचकाला वाटतं की बाइंडिंगवाल्यानं दुसरंच पुस्तक शिवलं.

मग ॲगाथा ख्रिस्ती. ६६ रहस्यकादंबऱ्या आहेत, सगळ्या सारख्या नाहीत. ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) पहिली: डेव्हनच्या किनाऱ्याजवळचं बेट, दहा माणसं, गुप्तहेर कुणीच नाही. लगेच ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६), कारण तिचा शेवट कुणीतरी चहा पिता-पिता सांगून टाकतोच. त्याच्या आत वाचून मोकळे व्हा. तिसरी ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४). इथं क्रम चुकला की भुर्दंड बसतो. ‘कार्ड्स ऑन द टेबल’मध्ये (१९३६) ओरिएंट एक्स्प्रेसचं उत्तर बोलता-बोलता फुटतं, आणि ‘डम्ब विटनेस’मध्ये (१९३७) आधीच्या काही पुस्तकांतल्या खुन्यांची नावंच येतात. ‘कर्टन’ (१९७५) ही ख्रिस्तीच्या गुप्तहेराची, प्वारोची, अखेरची, ती अखेरलाच ठेवा. विकत घेताना आणखी एक लक्षात असू द्या: इंग्लंडची आणि अमेरिकेची नावं वेगळी आहेत. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ आणि ‘व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!’ ही एकच कादंबरी. दोन्ही घेतली तर पैसे पाण्यात.

वाचताना पोस्टकार्डाएवढा जाड कागद खूण म्हणून ठेवा. त्यावर तीन रकाने आखा: नाव, नातं, खून झाला तेव्हा कुठं होता. दहाव्या पानापर्यंत हे भरलं नाही तर साठाव्या पानावर कर्नल कोण आणि मेजर कोण याचा घोळ होणारच. मजल्यांची काळजी नको. ब्रिटिश ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपल्यासारखाच जिना चढून पहिला मजला. ‘टी’ म्हणजे मात्र नेहमीच चहा नसतो, उत्तरेकडच्या कामगार घरांत ते संध्याकाळचं जेवण असतं, आणि कुणी कधी जेवलं यावरच अनेकदा सगळं कोडं उभं असतं. पैशांचा हिशोब खुणेच्या मागं लिहून ठेवा: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, २१ शिलिंगांची गिनी. फेब्रुवारी १९७१ पर्यंत हेच चालू होतं. एकाच बाजारात निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार रुपया चालवलेल्या आपल्या मराठवाड्याला हे जड जाऊ नये.

रहस्यकथेतून अभिजातात उतरायचा पूल म्हणजे विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८). श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीत हाती लागलेला हिरा इंग्लंडातल्या घरातून नाहीसा होतो. निवेदक अनेक, आणि प्रत्येकानं स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं, अगदी पोलिसांपुढच्या जबाबासारखं. पहिला जबाब म्हाताऱ्या बेटरेजचा; तो पाल्हाळ लावतो, विषय सोडतो, पुन्हा येतो. कंटाळून पानं गाळू नका. धागेदोरे त्या पाल्हाळातच आहेत.

यानंतर मराठवाड्यातल्या वाचकानं खरं तर थॉमस हार्डीची ‘द मेयर ऑफ कास्टरब्रिज’ (१८८६) घ्यावी, जेन ऑस्टिनच्याही आधी. पहिल्याच दृश्यात दारूच्या नशेतला मजूर जत्रेत बायको पाच गिनींना विकतो. पुढं तोच माणूस धान्याचा बडा व्यापारी होतो. लातूरच्या मोंढ्यात सौदा निघताना कधी उभे राहिला असाल तर या पुस्तकातला बाजार परका वाटणार नाही: आवक, भाव, उधारी, पत, आणि सुगीत पाऊस पडेल की उघडीप राहील यावर लावलेला सट्टा. पावसाचा अंदाज सांगणाऱ्याकडं व्यापारी लपूनछपून जातो ते प्रकरण सावकाश वाचा. एक शब्द हमखास फसवतो. या कादंबरीतलं ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे. इंग्लंडात ते एकूण धान्याला, मुख्यतः गव्हाला म्हणतात. मका धरून वाचलं तर अर्धा व्यवहार कळत नाही. पंचेचाळीस प्रकरणं, रोज दोन घेतली तर तीन आठवडे.

आता लग्नं. ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) ही प्रेमकथा समजून सुरू केली की पहिली शंभर पानं नुसत्या गप्पा वाटतात. मालमत्तेचा वाद म्हणून सुरू करा. बेनेट यांचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, मुली पाच, मुलगा नाही, आणि इस्टेट फक्त पुरुष वारसाकडं जाणार अशी कायदेशीर तरतूद. म्हणजे सातबाऱ्यावर मुलींचं नाव लागणारच नाही, बाप गेला की दूरचा चुलतभाऊ घर ताब्यात घेणार. डार्सीचे दहा हजार आले की आई का पेटते ते मग लगेच कळतं. नावांची मेख अशी: नुसतं ‘मिस बेनेट’ म्हणजे थोरली जेन. एलिझाबेथ कधी लिझी, कधी एलायझा. हे माहीत नसलं की कोणतं पत्र कुणाचं तेच कळत नाही.

डिकन्स आता. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) साप्ताहिकात क्रमशः आली होती, तेव्हा तुकड्यांतच वाचावी: ५९ प्रकरणं, रोज दोन, महिन्यात पुरी. पहिलंच वाक्य सरावाला घ्या. वडिलांचं आडनाव पिरिप, आपलं नाव फिलिप, आणि बाळजिभेला दोन्ही मिळून ‘पिप’पेक्षा लांब काही जमेना, एवढंच ते सांगतं. वाचक ‘बीइंग’ला क्रियापद समजून तिथंच थांबतो. खरं क्रियापद पुढं, ‘कुड मेक’. पेन्सिलीनं मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची, आधी कर्ता-क्रियापद वाचायचं, मग उरलेलं भरायचं. वीस पानं असं केलं की पेन्सिल बाजूला ठेवता येते.

‘जेन एअर’ (१८४७) सोपी आहे, सांगायची गरज नाही. त्याच वर्षीची ‘वदरिंग हाइट्स’ अवघड: कॅथरीन दोन आहेत, आई आणि मुलगी, म्हणून वंशावळ काढल्याशिवाय हात लावू नका. जोसेफ नोकराची यॉर्कशरी बोली मोठ्यानं वाचा. पुण्याचा माणूस ‘काय करुलालास’ छापलेलं पाहून थबकतो, कानावर पडलं की समजतो, तसंच हे.

नव्या रहस्यकथांत रूथ रेंडेलची ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७) सर्वांत वरची. खुनी कोण आणि कशासाठी, दोन्ही पहिल्याच वाक्यात: कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी पुस्तक सोडवत नाही. इयन रँकिनची रीबस मालिका ‘नॉट्स अँड क्रॉसेस’पासून (१९८७), स्कॉटिश शब्दांची तयारी ठेवून. अँथनी हॉरोविट्झच्या ‘मॅगपाय मर्डर्स’मध्ये (२०१६) कादंबरीच्या आत कादंबरी आहे आणि आतलीचा शेवट गायब, ती छपाईची चूक नाही, पुस्तक दुकानदाराला परत नेऊ नका. हलकं हवं तर रिचर्ड ऑस्मनची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०). अबीर मुखर्जींची ‘अ रायझिंग मॅन’ (२०१६) १९१९ च्या कलकत्त्यात घडते, संदर्भ आपलेच असल्यानं वेगानं वाचून होते.

प्रत घेताना एकूण प्रकरणं किती ते पाहा. ‘प्राइड’ची ६१, ‘जेन एअर’ची ३८, ‘वदरिंग हाइट्स’ची ३४. कमी भरली तर ती शाळकरी संक्षिप्त आवृत्ती, मुखपृष्ठ कितीही भारी असो. प्रस्तावना शेवटी वाचा, प्राध्यापक लोक तिथं शेवट सांगून मोकळे होतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. म्हणून ऑस्टिन, डिकन्स, हार्डी, होम्स प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. ख्रिस्ती १९७६ मध्ये वारल्या, त्यांची पुस्तकं २०३६ संपेपर्यंत विकतच. मोबाइलवर फिरणारी त्यांची पीडीएफ बेकायदा तर आहेच, पण एखादं पान गाळलेलंही असतं, आणि रहस्यकथेत नेमकं तेच पान लागतं.