शॉट लिस्टच्या आधी आवाजांची लिस्ट काढा

स्टुडंट शॉर्टफिल्मचं प्लॅनिंग म्हटलं की सगळ्यांचा वेळ कॅमेरा अँगलवर जातो आणि साउंडचं काय तर 'एडिटला बघू'. मग एडिटला बसल्यावर बघण्यासारखं काही नसतंच, एक म्युझिक ट्रॅक शोधायचा आणि सगळ्या सीनवर पसरून टाकायचा एवढंच होतं. मला मनापासून वाटतं की हे उलटं करायला हवं, आधी सिक्वेन्स कानाने लिहा, शॉट नंतर.

समजा सीन असा आहे. रात्र, एक मुलगी गुपचूप घर सोडायच्या तयारीत बॅग भरतेय, शेजारच्या कॉटवर भाऊ झोपलाय, डायलॉग एकही नाही. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं, आणि आधी उजवी बाजू पूर्ण भरा. पंख्याची घरघर, भावाचा श्वास, कपड्यांची सळसळ. मग बॅगेची चेन, ती एकेक दात करत ओढतेय आणि मधेच भावाच्या श्वासाचा आवाज थांबतो. चेन पण थांबते. एवढं लिहिलंत की शॉट जवळजवळ ठरलेच, चेनवरचा हात क्लोजमध्ये आणि तिचा चेहरा. भावाचा चेहरा दाखवूच नका, तो जागा झालाय की नाही हे प्रेक्षकाला कळलं की ताण गेला. शिवाय एका शॉटच्या लाइटिंगची मेहनत वाचली ते वेगळंच.

आता कट. श्वास थांबला की लगेच चेहऱ्यावर उडी मारायचा मोह होतो, तो आवरा, हातावरच थोडं थांबा आणि मग चेहरा. श्वास परत सुरू होतो तो चेहऱ्यावर असताना, म्हणजे भाऊ न दिसता सीनमध्ये राहतो. पुढचा सीन स्टेशनचा असेल तर ती अजून दाराकडे बघतेय तेवढ्यात अनाउन्समेंट सुरू करा आणि चित्र नंतर बदला, हा जे-कट. मन आधीच निघून गेलंय, पाय मागून निघतात, हे एकही शब्द न बोलता कळतं. याच्या उलट, चित्र बदललं तरी जुना आवाज चालू राहतो तो एल-कट. असे ओव्हरलॅप कागदावरच बाणाने दाखवून ठेवा म्हणजे शूटला दोन्हीकडे 4-5 सेकंद जास्त घ्यायचं लक्षात राहतं.

शूटच्या आधी फोनवर रफ फोटो काढून एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाका आणि आवाज तोंडानेच काढा, चेन सुद्धा. कुठे कंटाळा येतो ते इथेच समजतं.

शूट करताना पंखा बंद. हो, सीनमध्ये पंखा ऐकू येतो तरीही बंद, कारण प्रत्येक टेकमध्ये त्याची घरघर वेगळ्या ठिकाणी असते आणि कट केला की बॅकग्राउंड उड्या मारतं. पंखा वेगळा रेकॉर्ड करून सगळ्या कटखाली सलग टाका. चेन आणि कपडे पण माइक जवळ धरून परत रेकॉर्ड करा. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून निदान 30 सेकंद रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांततेतला आवाज, घ्या, युनिट कितीही घाईत असलं तरी. रेकॉर्डर वेगळा असेल तर फ्रेममध्ये टाळी वाजवा म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात, सॅम्पल रेटचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, आणि मोठ्यात मोठा आवाज मीटरवर मायनस 12 डीबीच्या आसपास राहू दे, फुटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

पहिला एडिट म्युझिकशिवायच करा. या सीनमध्ये मधेच लाइट घालवलीत तर सगळ्यात मोठा आवाज म्हणजे पंखा थांबणं, कारण इतका वेळ ती ज्याच्या आडून बॅग भरत होती तेच गेलं. पण तिथे ट्रॅक एकदम रिकामा सोडू नका, रूम टोन ठेवा, नाहीतर स्पीकर बंद पडला असंच वाटेल. आणि मिक्स हेडफोनवर झाला की फोनच्या स्पीकरवर एकदा लावून बघा, तिथे खालची घरघर जवळपास ऐकूच येत नाही, मग पंखा थांबला तरी कुणाला पत्ता लागणार नाही, म्हणून पंख्याची टिकटिक पण रेकॉर्ड करून त्यात मिसळा.